पहिल्या फळीचे यूट्यूबर पुढे कुठे गेले? (जुनं चॅनल, दोन भागीदार आणि आटलेले व्ह्यू)

तिरपागडा

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत ज्यांनी तिथं बस्तान बसवलं त्यांच्याबद्दल 'कोण किती छापतो' या थाटाचं लिखाण ढिगानं सापडतं, कामाचं फार कमी. म्हणून एक उदाहरण समोर ठेवून विचारतो.

मराठी चॅनल. २०१२ पासून दोघं मिळून चालवतात. निम्मं पाककृती, निम्मं घरगुती विनोदी प्रसंग. सव्वासहाशे व्हिडिओ, साडेचार लाख सबस्क्रायबर, पण नवा व्हिडिओ आठ-दहा हजारांपुढे सरकत नाही. दोघांपैकी एकाला आता कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. चॅनल नेमकं त्याच्याच वैयक्तिक जीमेलवर आहे आणि आपसात लेखी एक ओळ नाही.

ज्यांच्यावर ही वेळ दहा-बारा वर्षं आधी आली त्यांनी काय केलं, कुठे फसले, आणि या चॅनलनं कुठल्या क्रमानं काय करावं? 'सातत्य ठेवा, यश येईल' छापाची उत्तरं नकोत, कृपया.

---

आकडेमोड

साडेचार लाख हा आकडा आधी डोक्यातून काढा. ती हजेरीपटावरची नावं आहेत. २०१३ मध्ये बटण दाबलेला माणूस आज त्याच खात्यावरून यूट्यूब बघत असेल याची काही खात्री नाही.

पहिल्या फळीतल्या लोकांची वाट बहुतेक वेळा त्यांनी स्वतः बदलली नाही, नियमांनी बदलायला लावली. २०१२ पर्यंत क्लिकला किंमत होती. त्या वर्षी यूट्यूबनं आधी सुचवण्यांमध्ये आणि मग शोधात पाहिलेल्या वेळेला वजन दिलं. हिशोब करून बघा. दोन मिनिटांचं प्रहसन, पाच लाख व्ह्यू, लोक सरासरी ८० टक्के बघतात: आठ लाख मिनिटं. वीस मिनिटांचा गेम खेळतानाचा व्हिडिओ, दीड लाखच व्ह्यू आणि लोक फक्त ४० टक्के बघतात: बारा लाख मिनिटं. पहिल्याला लेखन, कपडे, तीन दिवसांचं शूटिंग. दुसरा दुपारी रेकॉर्ड करून संध्याकाळी चढवता येतो. अ‍ॅनिमेशनवाल्यांना याचा सर्वांत मोठा फटका बसला, कारण महिनाभर राबून तीन मिनिटं निघतात. स्मॉश या प्रहसनवाल्या जोडीनं त्याच वर्षी स्मॉश गेम्स हे वेगळं चॅनल काढलं, ते उगाच नाही.

त्या काळाच्या खुणा अजून दिसतात. २०१५ ते २०१९ मधल्या कित्येक व्हिडिओंची लांबी १०:०३, १०:०७ अशी असते आणि शेवटी नुसता पाल्हाळ. मधली जाहिरात लावायला तेव्हा दहा मिनिटं लागायची. जुलै २०२० पासून आठ पुरतात. तुमच्या पाककृतींमध्ये असं पाणी असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या (चॅनल सांभाळायच्या पानाच्या) एडिटरमधून शेपूट छाटता येतं. लिंक, व्ह्यू, कमेंट तशाच राहतात.

आता तुमचं निदान. स्टुडिओत अ‍ॅनालिटिक्स उघडा, गेल्या ३६५ दिवसांवर ठेवा आणि वाहतुकीचे स्रोत, म्हणजे प्रेक्षक कुठून येतात ते, बघा. शोधातून किती आणि मुख्यपानावरून किती? शोधाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर लोक विषयासाठी येतात. मुख्यपान मोठं आणि शोध १०-१५ टक्के असेल तर माणसासाठी येतात. (हा माझा ठोकताळा, यूट्यूबचा नियम नाही.) विषयाचं चॅनल दुसऱ्याच्या हाती देता येतं, विकताही येतं. चेहऱ्याच्या चॅनलमधून चेहरा निघाला की मागे गोदाम उरतं.

यावर सर्वांत शहाणा तोडगा हँक आणि जॉन ग्रीन या भावांचा वाटतो. व्लॉगब्रदर्स हे त्यांचं २००७ पासूनचं, दोघांच्या गप्पांचं चॅनल. तिथं त्यांनी इतिहास-जीवशास्त्र कोंबलं नाही. क्रॅश कोर्स (अभ्यासाचे विषय) वेगळं, सायशो (विज्ञान) वेगळं. क्रॅश कोर्स २०१२ मध्ये या दोघांच्याच तोंडून सुरू झालं, नंतर एकेका विषयाला वेगळा शिक्षक आला आणि चॅनल चालत राहिलं. व्लॉगब्रदर्सवर तसं करता आलं नसतं.

---

सहीशिक्का

वरचं सगळं बरोबर, पण लेखी एक ओळ नाही हे वाचून घाम फुटला. व्ह्यू नंतर बघा.

स्मॉशचाच विषय निघालाय तर पूर्ण सांगतो, कारण तुमचं उदाहरण जवळपास तेच आहे. इयान हेकॉक्स आणि अँथनी पडिला, दोघं मित्र, चॅनल नोव्हेंबर २००५ पासूनचं. २०११ मध्ये कंपनी अलॉय डिजिटलला दिली. पुढे विलीनीकरणातून तीच डिफाय मीडिया झाली. मोबदला रोख नव्हता, शेअर मिळाले, असं पडिला यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. जून २०१७ मध्ये पडिला बाहेर पडले आणि स्वतःच्या चॅनलवर मुलाखती घेऊ लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये डिफाय मीडिया बंद पडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऱ्हेट आणि लिंक या दुसऱ्या जुन्या जोडीच्या मिथिकल कंपनीनं स्मॉश घेतलं. जून २०२३ मध्ये दोघा मित्रांनी बहुसंख्य हिस्सा परत विकत घेतला. म्हणजे स्वतः उभं केलेलं चॅनल बारा वर्षांनी पैसे मोजून सोडवलं. सावकाराकडून शेत सोडवल्यासारखं.

त्या काळातल्या 'नेटवर्क' (अनेक चॅनल पंखाखाली घेऊन कमाईत वाटा घेणाऱ्या कंपन्या) करारांचं गणितही समजून घ्या, कारण आता तेच एजन्सीच्या नावानं येतं. जाहिरातीचे १०० रुपये आले तर यूट्यूब ४५ ठेवतं, ५५ चॅनलला. नेटवर्कचे ३० टक्के धरले तर त्या ५५ मधले साडेसोळा रुपये जातात. हातात ३८ रुपये ५० पैसे. ते ३० टक्के कशासाठी, हा प्रश्न फारसं कुणी विचारला नाही. मशिनिमा हे मोठं गेमिंग नेटवर्क २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं तेव्हा त्यांच्या मुख्य चॅनलवरचे व्हिडिओ अचानक खासगी केले गेले. ज्यांनी आपली कामं तिथं चढवली होती त्यांच्याकडे मूळ फाइल नसेल तर विषय संपला.

आपल्याकडचा कायदा त्या मानानं बरा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम १९ तेवढं वाचाच. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात कुठलं काम, कोणते हक्क, किती काळ आणि कुठल्या प्रदेशात हे लिहायला हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर ते परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम १८ मध्ये आणखी एक भर घातली: करारावेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क जात नाहीत. म्हणून एजन्सीचा मसुदा आला की 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'आज ज्ञात वा भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत' हे तीन तुकडे आधी शोधा.

दोघांमध्ये काय लिहायचं? जुन्या व्हिडिओंचं उत्पन्न आणि नव्या व्हिडिओंचं उत्पन्न वेगळं धरा. जुन्यावर ठरलेला वाटा, ठरलेल्या वर्षांपर्यंत. नव्यावर जो राबेल त्याचा. चॅनलचं नाव, बोधचिन्ह आणि ठरलेली सुरुवातीची धून कुणाची, हे वेगळ्या कलमात. बाहेर पडणाऱ्याला त्याच धर्तीचं चॅनल काढायची मुभा आहे की नाही, तेही लिहा. आणि जुन्या व्हिडिओतला त्याचा चेहरा नव्या जाहिरातीत वापरायचा असेल तर दर वेळी विचारायचं, ही ओळ विसरू नका. भांडणं तिथंच होतात.

---

जुनीरीळ

२००९-१० चा एखादा इंग्रजी व्हिडिओ उघडून बघा. शेवटी माणूस डावीकडे वर बोट दाखवून म्हणतो, 'इथे क्लिक करा'. तिथं आता भिंत आहे. पूर्वी तिथं अ‍ॅनोटेशनची (व्हिडिओवर तरंगणारी, क्लिक करता येणारी) चौकट होती. मे २०१७ नंतर ती बदलता येईना आणि १५ जानेवारी २०१९ ला उरलीसुरलीही पुसली गेली. 'दार उघडायचं की पळायचं' असे पर्याय देणारे खेळ-व्हिडिओ होते, ते एका रात्रीत मुके झाले. तुमच्या २०१२-१६ च्या व्हिडिओंत अशी बोटं असणारच. शेवटच्या ५ ते २० सेकंदांत एंड स्क्रीन (दुसरा व्हिडिओ, सबस्क्राइब वगैरेची क्लिक करता येणारी चित्रं) लावता येतो, चार घटकांपर्यंत. ते घटक बरोबर बोटाच्या टोकाशी ठेवा. हसू येईल, पण काम होतं.

त्याहून धोक्याचं म्हणजे वर्णनातल्या जुन्या लिंका. २०१३ मध्ये ज्या मसालेवाल्याची वेबसाइट दिली होती त्यानं डोमेन सोडून दिलेलं असतं आणि आज तिथं जुगाराचं दुकान असतं. लिंक तुमच्या वर्णनात, म्हणून यूट्यूबचा स्ट्राइक (नियमभंगाची दंडनोंद) तुमच्याच चॅनलवर येऊ शकतो. स्टुडिओत व्हिडिओ निवडा, संपादन, वर्णन, 'शोधा आणि बदला'. सव्वासहाशे व्हिडिओंना एक संध्याकाळ पुरते. आधी सगळ्या लिंकांची यादी काढून प्रत्येक उघडून बघा, मगच बदला.

जुने व्हिडिओ लाजिरवाणे वाटतात म्हणून थेट डिलीट करू नका. असूचीबद्ध केला तर लिंक असलेल्याला दिसतो, खासगी केला तर फक्त तुम्हाला आणि तुम्ही निवडलेल्यांना. जुन्यांपैकी बरेच जण २०२० च्या आसपास याच टप्प्यातून गेले. जेना मार्बल्स यांनी जून २०२० मध्ये आधी काही जुने व्हिडिओ खासगी केले आणि मग चॅनलच थांबवलं. तुमच्या विनोदी भागात कुणाच्या जातीवर, रंगावर, गावाकडच्या बोलीवर हशा पिकवलेला असेल तर तो आज कुणी कापून रीलमध्ये लावण्याआधी तुम्हीच एकदा सलग बसून बघा.

मूळ फाइल. स्टुडिओमधून उतरवलेली प्रत फार तर ७२०पी मिळते, तिला मूळ समजू नका. सगळं एकदम हवं तर गूगल टेकआउट (आपल्या खात्यातला सगळा डेटा उतरवायची सोय), ५० जीबीचे तुकडे निवडा. तयार झालेल्या लिंका आठवड्याभरात मरतात, म्हणून डिस्क मोकळी करूनच विनंती टाका. जुन्या कार्डांत एव्हीसीएचडी (तेव्हाच्या कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगची पद्धत) असेल तर नुसत्या एमटीएस फाइल उचलू नका, 'प्रायव्हेट' हा पूर्ण फोल्डर उचला. लांब शॉट अनेक तुकड्यांत असतो आणि तो जोडणारी माहिती बाजूच्या फाइलींत असते. मिनीडीव्हीच्या कॅसेटी असतील तर तासाला साधारण १३ जीबी धरा. पाल (आपल्याकडचं जुनं टीव्ही मानक) चित्र ७२०×५७६, इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं. तसंच चढवलं तर हलत्या हाताला कंगव्याचे दात येतात, म्हणून डीइंटरलेस करून ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) करा आणि १४४०×१०८० ला ताणून मग चढवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरात.

अवांतर: यूट्यूबवर फाइल बदलून तीच लिंक ठेवता येत नाही. सुधारलेली प्रत चढवायची तर ती नवा व्हिडिओ म्हणूनच, आणि जुन्याखाली कमेंट पिन करून तिची लिंक.

---

चकटफू

सगळे जिंकलेल्यांचीच नावं घेताय, म्हणून थोडं थंड पाणी.

पडद्यावर गेलेले आहेतच. इसा रे यांची २०११ ची वेब मालिका आणि मग २०१६ पासून एचबीओवर 'इनसिक्युअर'. बो बर्नम २००६ मध्ये खोलीत बसून गाणी म्हणत होते, २०१८ मध्ये 'एट्थ ग्रेड' या चित्रपटाचे दिग्दर्शक. आपल्याकडे टीव्हीएफ (द व्हायरल फीव्हर) यूट्यूबवरच्या 'पिचर्स'वरून २०२० मध्ये प्राइम व्हिडिओच्या 'पंचायत'पर्यंत पोचलं. पण यांच्या हातात लेखन होतं. नुसता आवाज किंवा नुसतं पात्र घेऊन गेलेल्यांचं वय झालं की पात्र संपतं. लुकास क्रुइकशँक यांचं फ्रेड हे एप्रिल २००९ मध्ये दहा लाख सबस्क्रायबर गाठणारं पहिलं चॅनल. चिरक्या आवाजातला सहा वर्षांचा मुलगा किती वर्षं करणार?

दुसरी वाट वस्तूची. मिशेल फॅन मेकअप शिकवता शिकवता २०११ मध्ये इप्सी या दरमहा सौंदर्यप्रसाधनांचे नमुने पाठवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांत आल्या. मराठीत मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये सुरुवात केली, पुढे मराठीचं वेगळं चॅनल केलं आणि मग मसाले आणले. पाककृतीवाल्यांना हे खुणावणारच. पण मसाला म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणी, पॅकिंग, मुदत संपलेला परत येणारा माल आणि दुकानदाराची उधारी. तो पूर्ण वेगळा धंदा आहे. व्हिडिओ करून थकलेल्या माणसानं विश्रांती म्हणून तो सुरू करू नये.

तिसरी वाट थांबण्याची, आणि तीही नीट करता येते. माहितीपर व्हिडिओ करणाऱ्या टॉम स्कॉट यांनी दहा वर्षं दर आठवड्याचा व्हिडिओ दिला आणि १ जानेवारी २०२४ ला तो थांबवला. पॉडकास्ट त्याआधीच चालू केलेलं होतं, म्हणजे उतरायच्या आधी खालची पायरी चाचपलेली. 'गेम थिअरी'वाल्या मॅटपॅट यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आपली कंपनी विकली, जानेवारी २०२४ मध्ये घोषणा केली, ९ मार्चला शेवटचा व्हिडिओ, आणि कंपनीच्या चारही चॅनलवर नवे निवेदक.

या यादीत नसलेले बाकीचे नोकरीला लागले. त्यात कमीपणा नाही. संकलक, चॅनल मॅनेजर, जाहिरात संस्थेत व्हिडिओचं काम. तुमच्या बाहेर पडणाऱ्या भागीदाराला तेच हवं असेल तर व्ह्यूंचे स्क्रीनशॉट घेऊन जाऊ नका म्हणावं. तीन व्हिडिओ न्यावेत, प्रत्येकाचा टिकावाचा आलेख (कितव्या सेकंदापर्यंत किती जण थांबले), पहिल्या ३० सेकंदांत लोक कुठे गळाले आणि पुढच्या व्हिडिओत त्यावर काय बदल केला, हे एका पानात. घेणारा तेवढंच बघतो.

---

तिरपागडा

सर्वांचे आभार. आकडेमोड यांनी सांगितलं तसं पाहिलं. शोधातून ४६ टक्के, मुख्यपानावरून १९. वर्षभरातल्या पाहिलेल्या वेळेपैकी जवळपास चार पंचमांश पाककृतींचा, त्यातही पाच वर्षांहून जुन्यांचा. विनोदी प्रसंग नवे असूनही मागे. बाहेर पडणारा भागीदार मुख्यतः विनोदी भागात दिसतो, पण पाककृतींमागचा आवाजही त्याचाच आहे. आता मालकी कशी हलवायची, आणि आवाजाचं काय?

---

आकडेमोड

म्हणजे जुनं चॅनल पाककृतींचं. विनोदी प्रसंग एका प्लेलिस्टमध्ये राहू द्या, नवे तिथं टाकू नका. कुणाला करायचेच असतील तर नवं चॅनल.

आवाज एका झटक्यात बदलू नका. पहिले आठ-दहा व्हिडिओ दोघांच्या आवाजात: जुना आवाज साहित्य आणि प्रमाण सांगेल, नवा कृती सांगेल. मग उलटं. मग फक्त नवा. कॅमेरा वरून काटकोनात, हात तेच, ओटा तोच, कढई तीच. पाककृतीत लोक हात ओळखतात. शीर्षकाची जुनी धाटणीही तशीच ठेवा. साबुदाणा खिचडी शोधणाऱ्याला कोण बोलतंय याच्याशी घेणं नसतं, साबुदाणा किती तास भिजवायचा याच्याशी असतं.

उत्पन्न वेगळं मोजण्यासाठी अ‍ॅनालिटिक्समध्ये ग्रुप करा. एका ग्रुपमध्ये ५०० व्हिडिओच मावतात, तेव्हा तुम्हाला 'जुने १' आणि 'जुने २' असे दोन लागतील. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान पक्का होतो, पैसे २१ ते २६ दरम्यान सुटतात. वाटा पक्क्या आकड्यावर काढा. आधीचा अंदाजी असतो आणि तो कमी-जास्त होतो.

---

सहीशिक्का

मालकीचा क्रम.

स्टुडिओतल्या परवानग्या (मॅनेजर, एडिटर, व्ह्यूअर) दिल्यानं मालकी हलत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. चॅनल वैयक्तिक जीमेलवर आहे, म्हणून आधी ते ब्रँड अकाउंटवर (एकाहून जास्त मालक जोडता येतात असं गूगल खातं) न्यावं लागेल: स्टुडिओच्या नव्हे, यूट्यूबच्या सेटिंग्ज, प्रगत सेटिंग्ज, तिथं पर्याय आहे. घात इथंच होतो. जे ब्रँड अकाउंट निवडाल त्याच्यावर आधीच एखादं चॅनल असेल तर ते पुसलं जातं. म्हणून कोरं ब्रँड अकाउंट बनवा आणि त्याचं नाव दोनदा वाचून मगच 'हो' म्हणा.

मग राहणाऱ्या भागीदाराला मालक म्हणून जोडा. मुख्य मालक लगेच करता येत नाही, सात दिवस थांबावं लागतं. दोघांनाही मालक ठेवा, पण मुख्य कोण हे करारात लिहा. पासवर्ड वाटून घेऊ नका. जुन्या जीमेलवरचा रिकव्हरी नंबर बंद सिमचा तर नाही ना, ते आधी तपासा.

अ‍ॅडसेन्स (यूट्यूबची कमाई ज्यातून मिळते ते गूगलचं खातं) वेगळं. ते एका माणसाच्या नावावर असतं आणि दुसऱ्याच्या नावावर जात नाही. राहणाऱ्यानं स्वतःचं काढायचं आणि चॅनलला जोडायचं. एकदा बदललं की ३२ दिवस पुन्हा बदलता येत नाही. जुन्या खात्यात १०० डॉलरच्या, म्हणजे पैसे सुटायच्या किमान मर्यादेच्या, खाली काही अडकलं असेल तर ते आधी निकाली काढा. नव्या खात्यात अमेरिकी कराचा फॉर्म लगेच भरा: भरला तर अमेरिकी प्रेक्षकांच्या वाट्यावर भारतासाठी १५ टक्के कपात, न भरता राहिलात तर सगळ्या जगाच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे जात असेल तर जीएसटी नोंदणी आणि, पैसे परदेशातून येतात म्हणून, दर आर्थिक वर्षी निर्यातीचं हमीपत्र, हे सीएला सांगा.

करार होईपर्यंत थांबू नका. मसुद्यावर तुमचे आठ-पंधरा दिवस जातीलच. ब्रँड अकाउंट आणि दुसरा मालक हे आज करा, म्हणजे सह्या होतील तेव्हा ते सात दिवस उलटून गेलेले असतील.